उद्योगसंस्थेतील संशोधन : विषयांची विविधता आणि रीतीची एकता

विद्यापीठातील संशोधनाची वाटणी विषयवार झालेली असते. रसायनशास्त्राचा विभाग रेणूंचा विचार करतो, धातुशास्त्राचा विभाग भट्टीचा, आणि भाषाशास्त्राचा विभाग ध्वनी, रूप व अर्थ यांचा. या विभागांच्या भिंती ओलांडण्याचे प्रसंग थोडे येतात. उलट एखाद्या तंत्रज्ञानविषयक कंपनीच्या संशोधनाची यादी समोर ठेवली, तर पोलाद व सिमेंट यांच्या भट्ट्या, पिण्याच्या पाण्याचा गाळक, आज्ञावलींतील दोष, मानवी त्वचा, प्रौढ निरक्षरांचे वाचन आणि समुद्रातील मासळी हे सारे विषय एकाच छपराखाली नांदताना दिसतात. अशी यादी पाहून काहींना ती निव्वळ जाहिरात वाटते, तर काहींना विद्वत्तेचे नवे पीठ. दोन्ही मते घाईची आहेत. इतके भिन्न विषय एकत्र कशाच्या बळावर येतात, त्या बळाला मर्यादा कोठे पडतात, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याची दखल का घ्यावी लागते, हे प्रश्न एका परिचित उदाहरणावरून तपासणे उपयुक्त ठरेल. ते उदाहरण पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्राचे होय.

पूर्वेतिहास

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत टाटा सन्सचा एक विभाग म्हणून सुरू झाली. तिच्या घडणीत फकीरचंद कोहली (१९२४–२०२०) यांचा वाटा सर्वांत मोठा. कोहली मूळचे विद्युत अभियंते. त्यांचे उच्च शिक्षण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाले होते. संस्थेचा धंदा इतरांसाठी आज्ञावली लिहून देण्याचा. अशा धंद्याला मूलभूत संशोधनाची निकड सहसा भासत नाही. ग्राहकाने सांगितलेले काम वेळेत पुरे करणे एवढेच त्याचे व्रत असते. तरीही १९८१ मध्ये पुण्यात हे संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याचे पहिले संचालकपद कानपूरच्या आय.आय.टी.तील पदार्थवैज्ञानिक प्रा. ई. सी. सुब्बाराव यांच्याकडे आले. आज्ञावलीच्या धंद्यातील कंपनीने आपल्या संशोधनाची धुरा मृत्तिकाशिल्पाच्या, म्हणजे सिरॅमिक्सच्या, जाणकाराकडे सोपवावी, यातच केंद्राचे पुढील स्वरूप सूचित झालेले होते. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या या केंद्राच्या आरंभापासून दोन शाखा होत्या : एक कारखान्यातील प्रक्रियांची, दुसरी आज्ञावलीशास्त्राची. दुसऱ्या शाखेला केशव नोरी यांच्यासारखे अभ्यासक लाभले. १९७० च्या दशकात झुरिच येथे पास्कल या संगणकभाषेचा एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज नेता येणारा अनुवादक तयार झाला, त्यात नोरी यांचा सहभाग होता. पुढे १९९७ ते २००७ या काळात मॅथाई जोसेफ यांनी केंद्राचे नेतृत्व केले.

जगाच्या इतिहासात कंपनीच्या प्रयोगशाळेची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा १९२५ मध्ये स्थापन झाली. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चे आणि विश्वातील पार्श्वप्रारणाच्या शोधासाठी १९७८ चे नोबेल पारितोषिक तेथील संशोधकांना मिळाले. परंतु बेल प्रयोगशाळेच्या पाठीशी दूरध्वनीची जवळजवळ मक्तेदारी उभी होती आणि त्या मक्तेदारीच्या उत्पन्नावर दीर्घकाळ फळ न देणारे संशोधन पोसता येत होते. पुण्याच्या केंद्राला असा आधार नव्हता. त्यामुळे त्याला आपले प्रश्न उद्योगाच्या आणि समाजाच्या प्रत्यक्ष अडचणींतून उचलावे लागले. विषयांच्या विविधतेचे पहिले कारण हे.

प्रतिमानाची रीत

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते रीतीचे आहे. सिमेंटच्या कारखान्यातील फिरती भट्टी म्हणजे किंचित कललेले, संथपणे फिरणारे एक लांबच लांब नळकांडे. त्यातील द्रव्याचे तापमान १४०० अंश सेल्सियसच्या वर जाते. या नळकांड्याच्या मध्यावर काय चालले आहे, हे डोळ्यांनी पाहता येत नाही आणि तेथे मापनयंत्र टिकवणे दुष्कर असते. अशा वेळी अभ्यासक उष्णतेचे वहन, द्रव्याचा प्रवास आणि रासायनिक विक्रिया यांची समीकरणे मांडतो, ती संगणकावर सोडवतो, आणि भट्टीच्या दोन टोकांशी मिळणाऱ्या मोजमापांशी उत्तर ताडून पाहतो. भट्टीच्या जागी भट्टीचे गणिती प्रतिमान आले, की 'इंधन इतके कमी केले तर काय होईल' हा प्रश्न भट्टी न बिघडवता विचारता येतो.

आज्ञावलीच्या परीक्षेतही हेच घडते. कोणतीही आज्ञावली कधी थांबेल की नाही, हे सर्व आज्ञावलींसाठी ठरवून देणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. म्हणून मोटारीच्या आरोधकाला, म्हणजे ब्रेकला, हुकूम देणाऱ्या आज्ञावलीत दोष आहे काय, हे पाहताना परीक्षक मूळ आज्ञावलीच्या जागी तिचे एक सोपे रूप घेतो. त्यात हजारो वेळा फिरणाऱ्या आवर्तनाऐवजी त्या आवर्तनाच्या परिणामांना सामावून घेणारे एकच विधान असते. सोप्या रूपात दोष सापडला नाही, तर मूळ आज्ञावलीतही तो नाही. सापडला तर तो खरा की सोपेपणामुळे उद्भवलेला, हे पुन्हा तपासावे लागते. या केंद्रात घडलेले 'व्हेरिॲब्ज' हे परीक्षणसाधन याच तत्त्वाचा आधार घेते. २०२० च्या आंतरराष्ट्रीय आज्ञावली-परीक्षण स्पर्धेतील एका प्रमुख गटात ते पहिले आले होते.

त्वचेचे उदाहरणही याच माळेतील आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशी आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य यांचा बनलेला असतो. लावलेल्या औषधाचा रेणू या स्निग्ध द्रव्यातून कसा झिरपतो, हे रेणूंच्या हालचालींची गणना करून सांगता येते. भट्टी, आज्ञावली आणि त्वचा यांच्यात वस्तू म्हणून काहीही साम्य नाही. परंतु तिन्ही ठिकाणी आत पाहणे अशक्य किंवा महाग असल्यामुळे तिच्या जागी प्रतिमान उभारले जाते. कंपनीच्या संशोधनाची एकता असते ती या रीतीत. एकदा ही रीत हाती आली, की विषय बदलताना सारे नव्याने शिकावे लागत नाही.

तुसाची राख

केंद्राच्या ज्या कामाची समाजात सर्वाधिक ओळख झाली, ते पाण्याच्या गाळकाचे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. तूस जाळले की त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि त्या राखेत साधारणतः ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. जाळताना तापमान बेतात ठेवले तर ही सिलिका अस्फटिकी व सच्छिद्र राहते; तापमान फार चढले तर तिचे स्फटिक बनतात आणि सच्छिद्रता नष्ट होते. सच्छिद्र राखेच्या अंगी गढूळपणा अडवण्याचा आणि रंग व वास शोषून घेण्याचा गुण असतो. ही राख सिमेंट व खडी यांच्या साहाय्याने बसवून केंद्राने 'सुजल' नावाचा स्वस्त गाळक तयार केला. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्यात त्याचा उपयोग झाला.

तथापि राख जंतूंचा पुरता नायनाट करीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी राखेच्या कणांवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवण्याची युक्ती योजली गेली. डिसेंबर २००९ मध्ये टाटा केमिकल्सने 'टाटा स्वच्छ' या नावाने असा गाळक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या दोन प्रकारांच्या किमती ७४९ व ९९९ रुपये होत्या. गाळणारा भाग सुमारे ३००० लिटर पाण्यापुरता असे आणि क्षमता संपल्यावर प्रवाह आपोआप बंद होई. रोज १५ लिटर पाणी वापरणाऱ्या कुटुंबाला तो सुमारे २०० दिवस पुरावा, असा हा हिशेब. त्याला वीज लागत नसे आणि वाहत्या नळाचीही गरज नसे.

या शेवटच्या गुणाचे मोल प्रयोगशाळेत कळत नाही. ते वस्तीत कळते. बदलापूर पश्चिमेचा हेंद्रेपाडा उल्हास नदीच्या जवळ आहे. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये या नदीच्या पुराने बदलापूरचा सखल भाग वेढला होता. पुराच्या दिवसांत चोहीकडे पाणी असते, पण पिण्याजोगे नसते. वीज जाते, आणि विजेवर चालणारी शुद्धीकरणयंत्रे नेमकी गरजेच्या वेळी निरुपयोगी होतात. ज्या तुसाची राख येथे उपयोगी पडते, ते तूस याच तालुक्यातील भातगिरण्यांतून निघते आणि वीटभट्ट्यांवर जाळले जाते. पण वीटभट्टीत तापमानावर नियंत्रण नसल्यामुळे तिची राख गाळकाच्या कामाची ठरतेच असे नाही. पदार्थ गावातला असला तरी त्याचा गुण टिकवण्याचे ज्ञान प्रयोगशाळेतून यावे लागते, असा याचा अर्थ.

चाळीस तासांचे वाचन

भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय काम प्रौढ साक्षरतेचे आहे. कोहली यांच्या प्रेरणेने २००० मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने संगणकाच्या साहाय्याने प्रौढांना वाचन शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याचा पहिला प्रयोग तत्कालीन आंध्र प्रदेशाच्या मेदक जिल्ह्यातील बीरमगुडा या गावी तेलुगूत झाला. नंतर मराठीसह अन्य भारतीय भाषांत त्याचे पाठ तयार झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाच्या पाठ्यपुस्तकांचाच आधार घेतला गेला. मात्र प्रचलित वर्गाला लागणाऱ्या सुमारे २०० तासांऐवजी सुमारे ४० तासांत वाचन साधावे, असे उद्दिष्ट होते. जुने, उद्योगांनी बाजूला टाकलेले संगणकही या कामाला पुरत.

एवढी बचत कशी साधते? नेहमीच्या वर्गात आधी अक्षर, मग बाराखडी, मग जोडाक्षर आणि शेवटी शब्द असा क्रम असतो. या उपक्रमात क्रम उलटला आहे. पडद्यावर प्रथम ओळखीचा संपूर्ण शब्द येतो, त्याचा उच्चार ऐकू येतो, मग तो शब्द अक्षरांत सुटतो आणि पुन्हा जुळतो. यामागील गृहीत असे, की प्रौढ निरक्षर माणूस भाषेच्या दृष्टीने अजाण नसतो. बोली भाषेचे व्याकरण आणि हजारो शब्द त्याला अवगत असतात, आणि त्याला शिकायचे असते ते केवळ ध्वनी व लिपी यांचे नाते. म्हणून तीनशे ते पाचशे शब्दांच्या ओळखीपासून आरंभ करून वाचनाची वाट मोकळी करावी, लेखन व गणित पुढे येतील, अशी योजना होती.

हे गृहीत तत्त्वतः योग्य आहे. परंतु 'बोली भाषा' म्हणजे कोणती, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. अंबरनाथ–बदलापूरच्या परिसराचेच उदाहरण घेतले, तर तेथे प्रमाण मराठीच्या बरोबरीने आगरी, कातकरी आणि ठाकुरी बोली नांदतात. उल्हासनगरात सिंधी मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. आगरी बोलीत 'पाणी' हा शब्द 'पानी' असा आणि 'काळा' हा 'काला' असा उच्चारला जातो. म्हणजे ण–न आणि ळ–ल हे प्रमाण भाषेतील भेद या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेत तशाच रूपाने येत नाहीत. अशा भाषिकाला 'ण' हे अक्षर शिकवणे म्हणजे एका ज्ञात ध्वनीला चिन्ह देणे नव्हे. त्याच्या कानाला जो भेद अर्थवाही नाही, तो त्याच्यावर लादणे होय.

येथे उलटलेल्या क्रमाचा एक अनपेक्षित फायदा दिसून येतो. 'पाणी' हे लिखित रूप संपूर्ण शब्द म्हणून समोर आले, तर आगरी भाषिक ते आपल्या 'पानी'शी सहज जोडतो, कारण अर्थ एकच असतो. अक्षरापासून आरंभ करणाऱ्या पद्धतीत ही सोय नाही. अडचण येते ती पुढच्या पायरीवर, शब्द अक्षरांत सुटतो तेव्हा. त्या क्षणी 'ण' वेगळा पडतो आणि पडद्यावरचा आवाज विद्यार्थ्याच्या बोलीशी विसंवाद करू लागतो. म्हणून या पद्धतीचे यश मोजताना 'मराठी भाषिक' असा एकच गट धरून चालणार नाही. कातकरी किंवा ठाकर पाड्यावरील वर्ग आणि शहरातील प्रमाणभाषेला सरावलेला वर्ग यांची फलिते वेगवेगळी नोंदवली, तरच चाळीस तास कोणासाठी पुरतात हे कळेल. शब्दांची निवड करताना आगरी, कातकरी व प्रमाण मराठी यांत समान रूपे असणारे शब्द आधी घ्यावेत आणि भेद असणारे नंतर, ही दुरुस्ती फारशी खर्चाची नाही. पण ती सुचण्यासाठी बोलींचा अभ्यास झालेला असावा लागतो.

या ठिकाणी भाषाशास्त्राच्या इतिहासातील एक प्रसंग आठवणे उचित होईल. ७ जानेवारी १९५४ रोजी आय.बी.एम. कंपनी आणि जॉर्जटाउन विद्यापीठ यांनी रशियन वाक्यांचे इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करून दाखवले. २५० शब्द आणि सहा व्याकरणनियम यांच्या आधारे साठांहून अधिक वाक्ये यंत्राने भाषांतरित केली, आणि काही वर्षांतच यंत्रभाषांतराचा प्रश्न सुटेल, असे सांगितले गेले. १९६६ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञसमितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि त्या क्षेत्राचे साहाय्य आटले. मोजक्या, निवडलेल्या शब्दांवर मिळालेले यश संपूर्ण भाषेवर पसरवता येत नाही, हा त्या प्रसंगाचा बोध. पाचशे शब्दांच्या वाचनातून वृत्तपत्राच्या वाचनाकडे जाण्याची पायरी म्हणूनच स्वतंत्रपणे मोजली पाहिजे. शिकलेले वाचन सरावाअभावी विसरले जाते काय, हेही वर्षभराने पाहिले पाहिजे.

संदेशाची भाषा

याच कंपनीच्या मुंबईतील प्रयोगशाळेतून पुढे 'एम-कृषी' हा उपक्रम निघाला. शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवरून त्याच्या भाषेत सल्ला मिळावा, हा त्याचा हेतू. त्याचीच एक शाखा रायगड जिल्ह्यातील मच्छीमारांसाठी होती. समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांच्या उपग्रहांनी केलेल्या मापनांवरून हैदराबादची सागरी माहिती संस्था मासळी मिळण्याचा संभव असलेली क्षेत्रे ठरवते. ती माहिती केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या सहकार्याने मराठीत मच्छीमाराच्या हातातील दूरध्वनीवर पोचवण्याची ही योजना होती. शोधात वाया जाणारे डिझेल वाचावे, हा तिचा उघड लाभ.

या साखळीतील भौतिकशास्त्र अवघड आहे. पण अखेरचा दुवा भाषेचा आहे. कोळी समाज खोली वावांत मोजतो, आणि भरती-ओहोटीचा विचार उधाण व भांग या संज्ञांनी करतो. अक्षांश-रेखांशांचा आकडा कितीही अचूक असला, तरी तो या संज्ञांशी जुळल्याखेरीज निर्णयाच्या कामी येत नाही. भट्टीच्या प्रतिमानात सीमेवरची मोजमापे चुकली तर सारे उत्तर चुकते. समाजाशी निगडित संशोधनात ही सीमा म्हणजे बोलणाऱ्याची भाषा असते, आणि तिचे मोजमाप करणारे यंत्र नाही. ते काम माणसांना, वस्तीत बसून, करावे लागते.

ज्ञानाची मालकी

कंपनीच्या संशोधनाविषयी आणखी एक प्रश्न उरतो, तो मालकीचा. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी गणितज्ञाशी निगडित आहे. नरेंद्र करमरकर यांनी मुंबईच्या आय.आय.टी.तून १९७८ मध्ये पदवी घेतली आणि १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना रेषीय नियोजनाची नवी रीत प्रसिद्ध केली. १९४७ ची डँट्झिग यांची रीत संभाव्य उत्तरांच्या बहुतलकाच्या कडेकडेने चालते. करमरकर यांची रीत त्याच्या अंतर्भागातून मार्ग काढते आणि मोठ्या प्रश्नांतही वेळेची वाढ आटोक्यात ठेवते. १९८८ मध्ये या रीतीवर कंपनीला अमेरिकेत एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले, आणि गणिती रीत कोणाच्या मालकीची असू शकते काय, यावर विद्वानांत वाद माजला. रीत प्रसिद्ध झाल्यामुळे जगभर तिच्यावर संशोधन झाले. एकस्वामुळे तिच्या वापरावर कुंपण पडले. एकाच शोधाची ही दोन रूपे होती.

पुढे पुण्यात टाटा सन्सने स्थापलेल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजच्या आरंभकाळात करमरकर यांचा तिच्याशी संबंध होता. या संस्थेचा 'एक' नावाचा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला ठरला. त्याचा मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ लक्ष कोटी गणिते, इतका होता. याच पुण्यात १९८८ मध्ये शासनाने स्थापन केलेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम' संगणक घडवला होता. तो सार्वजनिक पैशावर उभा राहिला, हा खाजगी पैशावर. २०१२ मध्ये ही संस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. यंत्र खाजगी असले, की त्यावर कोणता प्रश्न सोडवायचा हे मालक ठरवतो. यात गैर काही नाही. परंतु जे प्रश्न कोणाच्याच नफ्याचे नाहीत, ते कोणी सोडवायचे, हा विचार मग विद्यापीठांवर येऊन पडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी, की कंपनीच्या संशोधनातील विषयांची विविधता आभासी नाही; प्रतिमान उभारण्याची एक समर्थ रीत तिच्या मुळाशी आहे. दुसरी, ही रीत जडवस्तूंच्या बाबतीत जितकी निर्वेध चालते तितकी ती माणसांच्या बाबतीत चालत नाही, कारण तेथे भाषा व बोली ही सामग्री आधी गोळा करावी लागते. तिसरी, गाळकाचा गुण पाण्याच्या तपासणीवरून कोणालाही पडताळता येतो, पण चाळीस तासांच्या वाचनाचे फलित पडताळण्यासाठी उपक्रम चालवणाऱ्याहून वेगळ्या परीक्षकाची आवश्यकता असते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. उरलेल्यांत बोली-भाषिक पाड्यांचा वाटा किती आणि त्यांना प्रमाण मराठीच्या पाठांचा कितपत उपयोग होतो, हे शोधणे कोणत्याही भाषाशास्त्र विभागाच्या आवाक्यातील काम आहे. त्याला महासंगणक लागत नाही. शब्दांची यादी, ध्वनिमुद्रण आणि एका वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन चाचण्या पुरतात. पदव्युत्तर प्रबंधाला साजेसा हा विषय आहे. आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तर पाठ रचणाऱ्याला, मग तो कंपनीचा असो की शासनाचा, ते विनामूल्य उपलब्ध होतील.